विमचा शोध आणि प्रथिनांचं गणित

विम एडिटरमध्ये तिरकी रेघ दाबून शब्द शोधणं सगळ्यांनाच येतं. पण विमआरसी या कॉन्फिग फाइलमध्ये ‘इग्नोरकेस’ आणि ‘स्मार्टकेस’ हे दोन पर्याय चालू करा आणि मग बघा! इंग्रजी शब्द लहान अक्षरांत टाइप केला तर लहान-मोठी सगळी रूपं सापडतात. एक जरी अक्षर कॅपिटल टाकलं, की विम ओळखतो: यांना नेमकं हेच हवंय.

खरी मजा प्लगिनमध्ये आहे. जुनगन चोई यांनी २०१३ मध्ये आणलेला एफझेडएफ हा शोधक विमला जोडला, की फाइलचं पूर्ण नाव आठवायची गरज उरत नाही. ‘पुवार्षि’ एवढंच टाइप करा, ‘पुणे-वार्षिक-अहवाल’ समोर हजर! गाळलेल्या अक्षरांतूनही सर्वांत जवळचं नाव कोणतं, हे ठरवायला तो स्मिथ-वॉटरमन पद्धतीचं सुधारित रूप वापरतो. ही पद्धत १९८१ ची, आणि ती जन्मली जीवशास्त्रासाठी. दोन प्रथिनांच्या किंवा डीएनएच्या साखळ्यांत साम्य कुठे आहे, हे तिने शोधायचं. आज तीच आपल्या फाइली हुडकते. मला तरी या सगळ्यातली हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते.

फाइलींच्या आतला मजकूर शोधायला रिपग्रेप. अँड्र्यू गॅलंट यांनी रस्ट भाषेत लिहिलेलं हे साधन २०१६ मध्ये आलं. गिटने दुर्लक्ष करायला सांगितलेल्या फाइली ते आपणहून वगळतं, त्यामुळे नको तो कचरा समोर येत नाही. व्हीएस कोड वापरणाऱ्यांनो, तुमच्या शोधामागेही रिपग्रेपच आहे.

मजकुरात लांब शब्द शोधायला जास्त वेळ लागेल असं वाटतं ना? बरेचदा उलटच घडतं. रॉबर्ट बॉयर आणि जे मूर यांनी १९७७ मध्ये दाखवलेली युक्ती शब्द शेवटाकडून तपासते. समोर आलेलं अक्षर आपल्या शब्दात नसेलच, तर शब्दाच्या लांबीएवढी उडी! शब्द जितका लांब, तितकी उडी मोठी.

मजकूर शोधणाऱ्या या साधनांचा पूर्वज म्हणजे ग्रेप. बेल लॅब्समध्ये ली मॅकमॅहन यांना ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या निबंधांचा अभ्यास करायचा होता, पण एवढा मजकूर ‘एड’ या एडिटरला पेलेना. मग केन थॉम्प्सन यांनी त्याच एडिटरमधला शोधाचा भाग सुटा करून दिला. १९७३ च्या युनिक्स पुस्तिकेत ग्रेपची नोंद आहे. म्हणजे शोध आधी एडिटरमधून बाहेर पडला आणि आता प्लगिनच्या वाटेने परत आत आलाय.

मराठीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे स्मार्टकेसला इथे कामच नाही. आपली मेख वेगळीच आहे: ‘दुसऱ्या’मधला अर्धा र. युनिकोडमध्ये तो नुक्तावाल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहिता येतो, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक देऊनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण रिपग्रेपच्या लेखी ते वेगवेगळे शब्द. एक शोधलात तर दुसरा हाती लागत नाही. म्हणून मराठी मजकूर चाळताना कंसात दोन्ही रूपं द्या आणि मध्ये उभी रेघ टाका. रोजचंच काम असेल, तर विमआरसीत त्यासाठी एक शॉर्टकट करून ठेवा.