बाटली परत येते, पाकीट येत नाही

माउंट वेलिंग्टनच्या कार्बाइन रोडवर कोकाकोलाचा कारखाना आहे. मोटरवे ओलांडला की पेनरोज. काचेच्या बाटल्या-बरण्या बनवणारा न्यूझीलंडमधला एकमेव कारखाना तिथे. आणखी थोडे पश्चिमेला ओनेहंगा, जिथे ऑकलंडच्या रिसायकलिंग बिनांतला माल निवडला जातो. बाटली भरणे, फेकणे, निवडणे आणि वितळवून पुन्हा बाटली करणे, हे सारे आपल्या शेजारच्या उपनगरांतच चालते. असे असताना आपल्या स्वयंपाकघरातली इतकी वेष्टने थेट कचऱ्यात का जातात, या प्रश्नावरून आम्ही काही कुटुंबांनी आपापली कपाटे उघडून पाहिली.

आधी नियम. १ फेब्रुवारी २०२४ पासून साऱ्या देशात घरोघरच्या रिसायकलिंगला एकच यादी लागू आहे. कागद-पुठ्ठा, काचेच्या बाटल्या-बरण्या, पत्र्याचे व अ‍ॅल्युमिनियमचे डबे, आणि प्लॅस्टिकमध्ये फक्त १, २ आणि ५ क्रमांकाच्या बाटल्या, ट्रे व डबे. झाकणे चालत नाहीत. ५ सेंटिमीटरपेक्षा लहान किंवा ४ लिटरपेक्षा मोठी वस्तूही चालत नाही. पुष्कळांची समजूत आहे की त्रिकोणात आकडा असला म्हणजे वस्तू रिसायकल होते. तसे नाही. हे आकडे १९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाने काढले आणि ते केवळ प्लॅस्टिकची जात सांगतात, पुढे त्याचे काय होणार ते सांगत नाहीत.

आता कपाट. आमरसाचा पत्र्याचा डबा उत्तम. विसळून टाकला की लोहचुंबक त्याला उचलून घेतो. लोणच्याची काचेची बरणीही चांगली, मात्र तेल आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून मग धुवावी, नाहीतर सिंकचा पाइप तुंबतो तो वेगळाच. दह्याची मोठी बादली बहुधा ५ क्रमांकाची असते, तीही जाते. (आमच्यातल्या कुणी ती टाकत नाही म्हणा. डाळ, रवा, पोहे भरायला ती लागतेच. डालड्याच्या डब्यात तुळस लावणाऱ्यांची आपण नातवंडे.)

खरी अडचण चिवडा, फरसाण, भाकरवडी आणि मसाल्यांच्या पाकिटांची. आतून चंदेरी दिसणारे ते पाकीट एका पदार्थाचे नसते. छपाईसाठी एक थर, हवा-ओल-उजेड अडवायला धातूचा अतिपातळ मुलामा, आणि तोंड उष्णतेने चिकटावे म्हणून आतला तिसरा थर. त्यामुळेच पुण्यात भरलेली भाकरवडी इथे पोचेपर्यंत कुरकुरीत राहते. पण एकदा चिकटलेले हे थर पुन्हा सुटे करणे परवडत नाही. नारळाच्या दुधाच्या खोक्याचे तेच. तो पुठ्ठ्याचा दिसतो, पण त्यात सुमारे तीन चतुर्थांश पुठ्ठा आणि बाकी प्लॅस्टिक व अ‍ॅल्युमिनियम. पूर्वी ऑकलंडमध्ये हे खोके बिनमध्ये चालत. २०२४ पासून चालत नाहीत, आणि जुन्या सवयीने अजून कितीतरी घरांतून ते टाकले जातात.

म्हणजे वस्तूचे भवितव्य आपण बिनचे झाकण उघडण्याच्या फार आधी, पाकिटाचा आराखडा ठरतो तेव्हाच ठरलेले असते. इथल्या दुकानातले उदाहरण घ्या. दुधाच्या साध्या, रंग नसलेल्या २ क्रमांकाच्या बाटलीला रिसायकलिंगमध्ये चांगली किंमत, कारण तिचे पुन्हा काहीही करता येते. २०१३ साली अँकरने उजेडापासून दूध वाचावे म्हणून तीन थरांची अपारदर्शक बाटली आणली. दुधाच्या दृष्टीने विचार बरोबर. पण रंगीत प्लॅस्टिकचा पुन्हा रंगीतच माल होतो, म्हणून त्याला मागणी कमी. पूर्ण अंगावर घट्ट छापील आवरण चढवलेल्या बाटलीचे आणखी वाईट. निवड करणारे यंत्र प्रकाशकिरणांनी प्लॅस्टिक ओळखते, आणि त्याला बाटलीऐवजी आवरण दिसू शकते.

मुंबईकरांना आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या आठवत असतील. रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची. न्यूझीलंडमध्येही तेव्हा फाटकाशी रिकाम्या बाटल्या ठेवत. त्या बाटलीच्या आराखड्यातच तिचे परत येणे धरलेले होते. आज ते काम अनामत रकमेने होऊ शकते. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९७७ पासून बाटली-कॅन परत केल्यावर पैसे मिळतात, आणि मे २०२५ मध्ये टास्मानियाही सामील झाल्यावर ऑस्ट्रेलियातले एकही राज्य उरले नाही. इथे २०२२ मध्ये प्रत्येक बाटलीमागे २० सेंटचा प्रस्ताव लोकांपुढे आला आणि मार्च २०२३ मध्ये सरकारने तो लांबणीवर टाकला. इथे विकल्या जाणाऱ्या कितीतरी कॅनवर १० सेंट परत मिळण्याची ओळ छापलेली असते, ती ऑस्ट्रेलियासाठी. मुले ती वाचून पैसे मागतात तेव्हा काय सांगावे, हा आमच्यापैकी अनेकांचा प्रश्न आहे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते असे. मऊ पाकिटे रिकामी, कोरडी करून सुपरमार्केटमधल्या मऊ प्लॅस्टिकच्या पेटीत टाकता येतात. पेटीवरची यादी मात्र वाचावी. त्यातल्या प्लॅस्टिकचे वायुकूला कुंपणाचे खांब बनतात. भारतीय दुकानदाराला एवढे जरूर विचारावे की हाच मसाला काचेच्या बरणीत, हेच नारळाचे दूध पत्र्याच्या डब्यात आणता का? आयात तोच करतो, आणि दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर त्याला ऐकावे लागेल. तेल ५ लिटरच्या कॅनऐवजी ४ लिटरच्या आतले घ्यावे.

राहिला मंडळाच्या जेवणावळींचा प्रश्न. थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ मध्ये बंदी आली. इथे थर्माकोलची खाद्यवेष्टने ऑक्टोबर २०२२ पासून आणि प्लॅस्टिकच्या ताटल्या-वाट्या जुलै २०२३ पासून बंद आहेत. त्यांच्या जागी आलेल्या आतून चकचकीत कागदी ताटल्या रिसायकलिंगमध्ये चालत नाहीत, आणि ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या ताटल्या कौन्सिलच्या खरकट्याच्या बिनमध्येही चालत नाहीत. म्हणून या दिवाळीला प्रत्येक कुटुंबाने घरून स्टीलची ताटे, वाट्या आणि चमचे आणावेत असे आम्ही सुचवतो. त्यावर घरचे नाव घालायला विसरू नये. वाट्यांची अदलाबदल झाली तर दोष कार्यकारिणीचा नाही.