वादक जिला हसले, ती सिंफनी विद्यार्थ्यांना का देतात?

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी व्हिएन्नाच्या संगीत विद्यालयात एक नवी सिंफनी तालमीला घेतली गेली. पण फार लांब आणि फार अवघड म्हणून ती बाजूला ठेवली. संगीतकार होता फ्रान्झ शूबर्ट. आज त्याची हीच ‘ग्रेट’ सी मेजर सिंफनी देशोदेशींचे विद्यार्थी वाद्यवृंद वाजवतात. असं काय आहे तिच्यात?

आधी थोडा इतिहास

सिंफनी म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेली, बहुधा चार भागांची मोठी रचना. शूबर्टने ही १८२५ च्या उन्हाळ्यात लिहायला घेतली आणि १८२६ मध्ये व्हिएन्नाच्या संगीतप्रेमी मंडळाला अर्पण केली. मंडळाने कौतुक म्हणून १०० फ्लोरिन दिले, पण जाहीर मैफल काही झाली नाही. १९ नोव्हेंबर १८२८ रोजी, अवघ्या ३१ व्या वर्षी शूबर्ट गेला.

दहा वर्षांनी संगीतकार शूमान व्हिएन्नाला आला. शूबर्टच्या भावाच्या घरी त्याला हे हस्तलिखित सापडलं. २१ मार्च १८३९ रोजी लाइपझिगमध्ये मेंडेल्सोनने ते काही भाग गाळून वाजवून घेतलं. १८४४ मध्ये लंडनच्या तालमीत मात्र व्हायोलिनवादक शेवटच्या भागातल्या त्याच त्या सुरावटींना हसू लागले. मेंडेल्सोनने ती कार्यक्रमातून काढून घेतली.

अवघड नेमकं काय?

सूर वेडेवाकडे नाहीत. खरी परीक्षा दमाची आहे. सगळे भाग मिळून जवळपास तासभर जातो. एकट्या शेवटच्या भागात अकराशेवर मात्रागट, म्हणजे ‘बार’ आहेत, आणि तेही वेगात. मुख्य धून बासरी-क्लॅरिनेटसारख्या वाद्यांकडे असते, तेव्हा व्हायोलिनवाल्यांनी एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहायचं. हात भरून येतो, टाळ्या दुसऱ्याला!

आपल्याकडे तबलजी ठेका धरून बसतो, तसंच हे. ठेका कंटाळला की गाणं बसलंच. लंडनचे वादक हसले ते कदाचित इथेच. पानावर कंटाळवाणा दिसणारा तुकडा बाकीच्यांबरोबर वाजला की त्यावर सगळी इमारत उभी राहते, हे सुटं वाजवताना कळत नाही.

सुरुवातही परीक्षा घेणारीच. साथीला कोणी नाही, फक्त दोन हॉर्न एकच धून वाजवतात. जरा चूक झाली तरी सभागृहभर ऐकू येते. दुसऱ्या भागात सगळा वाद्यवृंद शिगेला पोचतो आणि एकदम गप्प होतो. त्या शांततेत पन्नास-साठ जणांनी हलायचंही नाही. मग चेलो हळूच पुढे होतात.

विद्यार्थ्यांना काय मिळतं?

एकट्याने चमकायची सवय इथे मोडते. दुसऱ्याची धून ऐकत आपलं काम इमानाने करायचं, हे इथे शिकावंच लागतं.

आणखी एक गोष्ट. ही शूबर्टची अखेरची पूर्ण सिंफनी, पण ती लिहायला घेतली तेव्हा तो २८ वर्षांचा होता. वाजवणारी मुलं त्याच्याहून फार लहान नसतात. त्याला जाहीर मैफलीत जी कधीच ऐकायला मिळाली नाही, ती आता त्याच्याच वयाच्या आसपासची मुलं लोकांना ऐकवतात.