जमिनीखालच्या इंधनवाहिनीचा गंज आधीच कसा कळतो?

मोडनिंब पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. याच पट्ट्याला हिंदुस्थान पेट्रोलियमची ५०८ किलोमीटरची मुंबई-पुणे-सोलापूर वाहिनी इंधन पुरवते.

● तपासणी : तेलाच्या दाबावर ‘पिग’ नावाचे यंत्र अशा वाहिनीच्या नळातून पुढे सरकते. ते पोलादाला चुंबकित करते. नळाचा पत्रा गंजाने झिजला असेल तिथे चुंबकीय क्षेत्र बाहेर फुटते, त्याची सेन्सर नोंद घेतात.

● अंदाज (उदाहरणादाखल) : पत्रा ८ मिमी. झीज आधी २ मिमी, पाच वर्षांनी ३ मिमी. म्हणजे वर्षाला ०.२ मिमी. ‘बी३१जी’ या प्रचलित नियमानुसार ८० टक्क्यांपेक्षा, म्हणजे ६.४ मिमीपेक्षा, खोल खड्डा चालत नाही. याच वेगाने तिथवर १७ वर्षे. मात्र खड्ड्याची लांबी आणि तेलाचा दाब पाहता दुरुस्ती त्याआधीच लागू शकते.

● खातरजमा : यंत्राच्या मोजमापात पत्र्याच्या जाडीच्या दहा टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. म्हणून संशयित जागा खोदून प्रत्यक्ष मोजतात.

● शेतकऱ्यांसाठी : १९६२च्या कायद्यानुसार वाहिनीच्या पट्ट्यात शेती करता येते; मात्र बांधकाम, विहीर, तळे करण्यास किंवा झाडे लावण्यास मनाई आहे. जेसीबीने वाहिनीचे आवरण खरवडले, की तिथूनच गंज सुरू होतो. त्यामुळे खोदाईआधी वाहिनीच्या खुणेच्या खांबावरील क्रमांकावर फोन जरूर करा.