३३८ तुकड्यांचं यान

१९७९ साली अमेरिकेत लेगोचं ‘गॅलेक्सी एक्सप्लोरर’ हे अवकाशयान ३२ डॉलरला मिळत होतं. खोक्यात ३३८ तुकडे, चार अंतराळवीर, यानाच्या पोटातून उतरणारी छोटी गाडी आणि चंद्राच्या जमिनीसारखी करडी पाटी. ४३ वर्षांनी, २०२२च्या ऑगस्टमध्ये, कंपनीच्या नव्वदीनिमित्त तेच यान दीडपट मोठं होऊन परत आलं. तुकडे १,२५४ आणि किंमत जवळपास १०० डॉलर. किंमत तिप्पट झाली हे खरं, पण तेवढ्या काळात अमेरिकेतली महागाई चौपट झाली होती. १९७९चे ३२ डॉलर २०२२मध्ये १३०च्या घरात जातात. म्हणजे मोठं झालेलं नवं यान जुन्यापेक्षा स्वस्तच पडलं.

तरीही लेगो हाताबाहेर गेलं, असं दुकानात उभ्या असलेल्या आईबापांना वाटतं, आणि त्यांचं चुकत नाही. तुकड्याचा भाव उतरला, खोक्याचा मात्र चढत गेला. हे कसं घडलं ते लेगोच्या अवकाश-सेटांच्या इतिहासात जितकं स्पष्ट दिसतं, तितकं दुसऱ्या कुठल्याच मालिकेत दिसत नाही.

कंपनीची कुळकथा अनेकांना ठाऊक आहे. डेन्मार्कमधलं बिलुंड हे छोटं गाव. तिथल्या ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२मध्ये लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली. त्याचा मुलगा गॉटफ्रेड याने २८ जानेवारी १९५८ रोजी आजच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. वर गुंड्या आणि आत पोकळ नळ्या, एवढीच त्यातली युक्ती. वरच्या ठोकळ्याच्या नळ्या खालच्या ठोकळ्याच्या गुंड्यांना घट्ट धरतात, आणि पाच वर्षांच्या मुलाने ओढलं तर सुटतातही. ही पकड साधण्यासाठी साच्यांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचाही फरक चालत नाही. एबीएस प्लास्टिकचे दाणे सुमारे २३० अंशांना वितळवून त्या साच्यांत दाबले जातात. १९७९च्या यानाचे तुकडे आजच्या तुकड्यांत बसतात ते या काटेकोरपणामुळे, आणि किंमतीतला मोठा वाटाही त्याचाच आहे. प्लास्टिक स्वस्त असतं, साचा महाग.

पण अवकाशाच्या सेटांचा जीव ठोकळ्यात नाही. तो जेमतेम चार ठोकळ्यांच्या उंचीच्या एका माणसात आहे, आणि तो माणूस घडवला येन्स नीगार्ड क्नुडसेन यांनी.

क्नुडसेन १९६८मध्ये लेगोत दाखल झाले. त्या काळात लेगोत घरं होती, गाड्या होत्या, माणसं मात्र नीट नव्हती. १९७४मध्ये आलेलं कुटुंब घरांच्या मानाने फार मोठं होतं. १९७५मध्ये छोटी माणसं आली, पण त्यांना चेहरा नव्हता आणि हातपाय हलत नव्हते. क्नुडसेन यांनी असलेलेच ठोकळे करवतीने कापून, कानशीने घासून नवे नमुने करायला घेतले. प्लास्टिकचे केले, कथलाचे ओतले. असे पन्नासएक नमुने झाल्यावर १९७८मध्ये आजचा माणूस बाजारात आला. कमरेत वाकणारा, पाय वेगवेगळे हलवणारा, पंजात अवजार धरणारा. चेहऱ्यावर दोन ठिपके आणि एक हसू, बाकी काही नाही. त्वचा पिवळी, म्हणजे तो कुठल्याच देशाचा नाही. राग, भीती, वय, स्वभाव हे सगळं खेळणाऱ्या मुलाने भरायचं. खेळण्याच्या रचनेत इतका विचारपूर्वक संयम क्वचितच दिसतो.

याच माणसाला क्नुडसेन यांनी अवकाशात पाठवलं. चंद्रावरची शेवटची मानवी फेरी १९७२मध्ये झाली होती, आणि १९७७मध्ये ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाने जगभरच्या मुलांना वेड लावलं होतं. अवकाशावर खेळणी काढायची तर बंदुका आणि लढाया हा सरळ रस्ता होता. क्नुडसेन त्या रस्त्याने गेले नाहीत. त्यांच्या अंतराळवीरांच्या हातात शोधाची उपकरणं होती. छातीवर सोनेरी ग्रह आणि त्याला फेरी मारणारं यान. पहिले अंतराळवीर लाल आणि पांढरे, पुढे पिवळे, निळे आणि काळेही आले. शत्रू कोणीच नव्हता.

गॅलेक्सी एक्सप्लोरर जवळून पाहिलं की क्नुडसेन यांचं कसब कळतं. निळं अंग, करडे पंख, पिवळसर पारदर्शक काचा. तीनच रंग, पण चाळीस वर्षांनंतरही ते एकत्र दिसले की जाणकाराला लगेच खूण पटते. बाजूला ‘एलएल ९२८’ असा क्रमांक. ‘एलएल’ म्हणजे लेगोलँड आणि ९२८ हा युरोपातला सेटचा नंबर. खोक्यावरचा नंबरच यानाचा नोंदणी क्रमांक झाला. चालकासमोरचा उतरता निळा ठोकळा, आणि त्यावर छापलेले पडदे आणि बटणं. स्टिकर नाही, छपाई, त्यामुळे हाताच्या घामाने ती निघून येत नाही. मागचे दोन दरवाजे उघडले की छोटी गाडी बाहेर येते. यात अवघड यंत्रणा कुठेच नाही. साध्या बिजागरींवर सगळं चालतं, आणि मुलाला ते मोडून दुसरं काही करावंसं वाटतं. मोडण्याचं हे आमंत्रण हाच या सेटचा मोठा गुण.

दोष एकच होता, आणि तो हेल्मेटमध्ये होता. हनुवटीखालून जाणारी पट्टी इतकी बारीक होती की हेल्मेट डोक्यावर दाबताना किंवा काढताना ती नेमकी मध्यभागी तुटायची. एक-दोन नव्हे, त्या पिढीतल्या असंख्य मुलांची हेल्मेटं तशीच तुटली. कंपनीने पुढे पट्टी जाड केली. पण २०१४मध्ये ‘द लेगो मूव्ही’ आला तेव्हा त्यातला बेनी नावाचा निळा अंतराळवीर तुटक्या पट्टीचं हेल्मेट घालूनच पडद्यावर आला, छातीवरचं चिन्हही पुसट झालेलं. त्याचं खेळणं काढलं तेव्हा कंपनीने तुटलेल्या पट्टीचा खास साचा केला. हजारो मुलांच्या हातून झालेली झीज कारखान्यात इतक्या आदराने जपली जावी, याला खेळण्यांच्या इतिहासात फारशी जोड नाही.

किंमतीच्या दृष्टीने त्या पहिल्या मालिकेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट गॅलेक्सी एक्सप्लोरर नव्हतीच. त्याच वर्षी एक अंतराळवीर आणि मूठभर तुकड्यांची ‘स्पेस स्कूटर’ होती, तशीच ‘स्पेस बग्गी’ होती. मधल्या आकाराची यानं होती, रॉकेट सोडण्याचा तळ होता. सगळ्यांचे रंग एक, चिन्ह एक, माणूस तोच. खाऊच्या पैशांत बग्गी घेणारं मूल आणि वाढदिवसाला मोठं यान मिळालेलं मूल एकाच जगात खेळत होतं. बग्गीवाल्याला आपण गरीब जगात आहोत असं वाटायचं कारण नव्हतं.

पुढची वीस वर्षं ही मालिका नवनवे गट काढत चालली. १९८७मध्ये काळे-पिवळे ‘ब्लॅकट्रॉन’ आले, आणि त्याच वर्षी बॅटरीवर धावणारी मोनोरेल. १९९०मध्ये लोहचुंबकाने माल उचलणारे ‘एम-ट्रॉन’, १९९३मध्ये बर्फाच्या ग्रहावरचे संशोधक. हळूहळू चोर-पोलीस शिरले, परग्रहवासी शिरले.

१९९९ हे वळणाचं वर्ष. लेगोने ‘स्टार वॉर्स’चा परवाना घेतला. दुसऱ्याच्या कथेवर, दुसऱ्याला मानधन देऊन मालिका काढण्याची कंपनीची ही पहिलीच मोठी वेळ. आत कडाडून विरोध झाला होता. नावातच ‘युद्ध’ असलेलं खेळणं बिलुंडच्या वरिष्ठांच्या पचनी पडत नव्हतं. अमेरिकेतल्या शाखेचे प्रमुख पीटर आयो यांनी तिथल्या पालकांना विचारून पाहिलं, आणि कौल परवान्याच्या बाजूने पडला. शेवटी गॉटफ्रेड यांचे पुत्र केल्ड यांनी होकार दिला. २००३ आणि २००४मध्ये कंपनी तोट्यात बुडत होती, त्यातून तिला सावरण्यात ‘स्टार वॉर्स’चाही वाटा होता. त्यामुळे या निर्णयाला सरसकट चूक म्हणता येत नाही.

पण दोन गोष्टी कायमच्या बदलल्या. प्रत्येक खोक्याच्या किंमतीत मूळ मालकाचं मानधन आलं. आणि खेळणं ‘काहीतरी यान’ राहिलं नाही. ते अमुक चित्रपटातलं अमुक यान झालं, हुबेहूब असण्याची सक्ती आली. हुबेहूबपणाला बारीक तुकडे लागतात, बारीक तुकड्यांना मोठा आकडा, आणि मोठ्या आकड्याला मोठं गिऱ्हाईक.

ते गिऱ्हाईक २००७मध्ये सापडलं. ५ हजारांहून अधिक तुकड्यांचं, ‘स्टार वॉर्स’मधलं ‘मिलेनियम फाल्कन’ हे यान ५०० डॉलरला निघालं. २०१७मध्ये त्याचाच ७,५४१ तुकड्यांचा अवतार ८०० डॉलरला आला. २०२२मध्ये कच्चा माल आणि ऊर्जा महागल्याचं सांगून कंपनीने अनेक सेटांच्या किंमती वाढवल्या, त्यात तो ८५०वर गेला. आणि २०२५च्या ऑक्टोबरमध्ये ९,०२३ तुकड्यांचा, त्याच मालिकेतला ‘डेथ स्टार’ आला, किंमत १ हजार डॉलरला एक सेंट कमी. तुकड्यामागे हिशेब केला तर तो ११ सेंटच्या आसपास पडतो. १९७९च्या यानाचा तुकडा साडेनऊ सेंटना पडला होता, २०२२च्या यानाचा आठला. मात्र तुकड्यांवरून भाव काढताना जपून राहावं. जुन्या यानातले पंख तळहाताएवढे होते. आजच्या खोक्यात नखाएवढे तुकडे शेकड्यांनी असतात, आणि मोजताना तोही एक, हाही एक.

परवान्याविना किंवा अवकाश-संस्थेच्या सहकार्याने निघालेले सेट या बाबतीत उजवे ठरतात. २०१७चं ‘सॅटर्न ५’ रॉकेट हे त्यातलं सर्वांत देखणं काम. दोन हौशी चाहत्यांनी सुचवलेलं, मीटरभर उंच, तीन टप्प्यांत सुटणारं. तुकडे बरोबर १,९६९, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला ते साल. किंमत १२० डॉलर, तुकडा सहा सेंटना. त्याच वर्षी नासातल्या स्त्रियांवरचा २३१ तुकड्यांचा छोटा सेट निघाला. त्यात अपोलोच्या संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्या चमूच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन होत्या. २०११मध्ये गुरूकडे निघालेल्या ‘जुनो’ यानातून तर ॲल्युमिनिअमच्या तीन लेगो-मूर्ती खरोखर अवकाशात गेल्या. त्यातली एक गॅलिलिओची आहे.

काळजीची बाब वेगळीच आहे. २०२०पासून कंपनी मोठ्या सेटांवर ‘१८+’ छापते, काळ्या खोक्यात विकते. मोठ्यांनी खेळू नये असं कोणी म्हणणार नाही. पण मोठ्यांचा एक वर्ग खोकं उघडतच नाही. मॉस्कोच्या एका विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या दोन हजारांहून अधिक सेटांचे भाव तपासले. उत्पादन बंद झालेल्या, सीलबंद सेटांनी सरासरी वर्षाला ११ टक्क्यांच्या आसपास परतावा दिला, असं त्यांना आढळलं. काही सेटांचा भाव निम्म्यावरही आला, पण ते कोणी लक्षात ठेवत नाही. परिणाम एवढाच की बंद होण्याच्या बेताला आलेला सेट मुलाच्या आधी साठेबाज उचलतो, आणि पुढे तोच सेट चढ्या भावाने फिरतो.

भारतात या सगळ्यावर आणखी एक थर चढतो. फेब्रुवारी २०२०मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३मध्ये ७०. देशी खेळणी-उद्योगाला आधार हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्त आहे. पण त्यामुळे डॉलरच्या किंमतीला नुसतं रुपयाच्या दराने गुणून इथल्या दुकानातली किंमत कळत नाही. पुण्या-मुंबईत मेकॅनिक्सच्या पत्र्याच्या पट्ट्या आणि नटबोल्ट घेऊन वाढलेल्या पिढीला तर लेगो कायम परदेशातल्या मामाने आणायची वस्तू वाटत आली.

तरी स्पेस बग्गीचा वारसा पुरता संपलेला नाही. २०२३च्या जानेवारीत कंपनीने १४४ तुकड्यांचं एक छोटं अवकाशयान १० डॉलरला काढलं. त्याच तुकड्यांतून अंतराळवीर होतो, आणि तिसरं वेगळं यानही. कुठला चित्रपट नाही, परवाना नाही, कपाटातल्या काचेआड ठेवण्याचा मोह नाही. नातवंडांसाठी किंवा भाचरांसाठी लेगो घ्यायचं असेल, तर दुकानात मांडलेल्या काळ्या खोक्यांकडे पाठ करून असा सेट मागा. तो संपला असेल तर सुट्या ठोकळ्यांची पिशवी घ्या. आणि घरी आल्यावर खोकं त्याच दिवशी फोडू द्या.