लघवीत साखर कधी उतरते?

लघवीला मुंग्या लागल्या की मधुमेह, ही आपल्याकडची जुनी खूण. ती खोटी नाही, पण फार उशिराची आहे. असे का?

आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्याबरोबर जवळजवळ १८० ग्रॅम ग्लुकोजही गाळले जाते. निरोगी माणसात ते बहुतेक सगळे पुन्हा रक्तात शोषले जाते. या शोषणाला मात्र मर्यादा आहे. १०० मिलिलिटर रक्तात साधारण १८० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुकोज झाले, की उरलेले लघवीत उतरते.

आता निदानाची रेषा पाहा. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, तेही पुन्हा तपासून तसेच आले, तर मधुमेह. म्हणजे उपाशीपोटी १४० असलेल्या गृहस्थांची सकाळची लघवी स्वच्छच दिसणार! तहान नाही, थकवा नाही. डोळ्यांतील बारीक रक्तवाहिन्यांना इजा मात्र सुरू झालेली असू शकते. म्हणून तिशीनंतर रक्तच तपासावे. सरकारी आरोग्य केंद्रांत तशी सोय असते. आकडा १०० ते १२५ आला तर घाबरण्यापेक्षा चालायला लागावे. अशा उंबरठ्यावरच्या लोकांवर भारतात झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नियमित व्यायाम आणि आहारातील बदल यांमुळे त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण तीन वर्षांत सुमारे २८ टक्क्यांनी घटले.

मुलांमधला पहिल्या प्रकारचा मधुमेह असा सवड देत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. साखर काही आठवड्यांतच मर्यादा ओलांडते आणि लघवीत जाताना पाणीही ओढून नेते. वर्गात काय दिसते? मूल दर तासाला ‘बाई, जाऊ का?’ विचारते, बाटली संपवते, वाळत जाते. आपण त्याला टंगळमंगळ समजतो! पालकांना त्याच दिवशी बोलावून रक्त तपासायला सांगावे. उलट्या, पोटदुखी, धाप किंवा श्वासाला फळासारखा वास असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. तेथे तासांचा हिशेब असतो.

इन्शुलिन सुरू झाले, की हे मूल खेळ, सहल सारे करू शकते. कवायतीत त्याला घाम सुटून हात थरथरू लागले, तर साखर कमी झाली असे समजून लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीने रुग्णालयात न्यावे. त्याच्या दप्तरातल्या गोळ्या-बिस्किटांना शिक्षा नको.