पुलगावची दोन मिनिटं

मुंबईहून नागपूरला जाणारी गाडी धामणगाव सोडते, मग तळणीचं लहानसं स्टेशन मागे पडतं, वर्धा नदीच्या पुलाचा खडखडाट होतो आणि पुलगाव येतं. या वाटेनं मी किती वेळा गेलो याचा हिशेब नाही. पण गेली काही वर्षं तळणी ते पुलगाव या टप्प्यात मी खिडकी सोडत नाही. जगभरातल्या खगोलशास्त्रज्ञांचं लक्ष एकदा या दोन स्टेशनांवर लागलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

ग्रहणाचं वेड मात्र जुनं. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. आमच्याकडे ग्रहण खंडग्रासच होतं, तरी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. घरोघरी खिडक्यांना चादरी लावलेल्या, पाण्याच्या भांड्यांवर तुळशीपत्रं, आणि पोरांना बाहेर डोकावायची सक्त मनाई. आमच्या घराला कौलं होती. एरवी कौलांच्या फटींतून शेणानं सारवलेल्या जमिनीवर उन्हाचे गोल कवडसे पडत. त्या दुपारी ते गोल राहिलेच नाहीत. एकेक कवडसा कातरल्यासारखा कोरीच्या आकाराचा झाला आणि बघता बघता सगळी जमीन चंद्रकोरींनी भरून गेली. बाहेर बघू नका म्हणणाऱ्या मोठ्यांच्या पायाशी ग्रहण येऊन पडलं होतं. फट बारीक असली की तिच्यातून सूर्याची प्रतिमा उमटते, हे शास्त्र मी पुढे शिकलो. पण ती जमीन अजून डोळ्यांपुढे आहे.

पुढे कधीतरी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांचे जुने खंड चाळत असताना एका निबंधाच्या शीर्षकापाशी थबकलो. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा प्राथमिक अहवाल, लेखक कॅप्टन ई. एच. हिल्स आणि एच. एफ. नेवॉल, आणि निरीक्षणाचं ठिकाण : पुलगाव. आमचं पुलगाव! आज हे नाव घेतलं की लोकांना लष्कराचं दारूगोळा भांडार आठवतं, २०१६ ची ती भीषण आग आठवते. जुन्या माणसांना सूतगिरणी आठवते, आर्वीला जाणारी छोटी गाडी आठवते. ग्रहण कुणालाच आठवत नाही.

२२ जानेवारी १८९८ ला, म्हणजे शके १८१९ च्या पौष अमावास्येला, चंद्राची गडद सावली कोकणात विजयदुर्गापाशी जमिनीवर आली. सोलापूरकडच्या जेऊरवरून, वऱ्हाडातल्या तळणीवरून, पुलगाव आणि नागपूरजवळच्या घोगलीवरून ती शहडोल, बक्सरकडे गेली. या पट्ट्यावर वेधकऱ्यांचे तळ पडले. विजयदुर्गाला नॉर्मन लॉकियर, जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याचे नाएगमवाला, घोगलीला स्कॉटलंडचे राजज्योतिषी कोपलंड, शहडोलला इंग्लंडचे राजज्योतिषी क्रिस्टी. आधीच्या वर्षीच मध्य प्रांत दुष्काळानं होरपळला होता आणि मुंबईत प्लेग ठाण मांडून होता. अशा दिवसांत काचेच्या भिंगांच्या पेट्या घेऊन ही माणसं आगगाडीनं आत आली. जानेवारीतलं आपल्याकडचं आकाश बहुधा निरभ्र असतं, आणि त्या दिवशी ते तसंच राहिलं.

हिल्स लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्समधले. नेवॉल केंब्रिजचे. त्यांच्या वडिलांचा धंदा तारेच्या दोरांचा आणि समुद्रातल्या तारायंत्राच्या केबलींचा. त्या कमाईतून त्यांनी २५ इंची भिंगाची दुर्बीण बनवून घेतली होती. ती एके काळी भिंगाच्या दुर्बिणींत जगात सर्वांत मोठी होती. मुलगा ती दुर्बीण सांभाळायला केंब्रिजला गेला आणि ज्योतिषीच झाला. पुलगावात दोघांना हवे होते वर्णपट. सूर्याचं बिंब पूर्ण झाकलं जातं त्या क्षणी वर्णपटातल्या काळ्या रेषा एकाएकी उजळतात. दोनेक सेकंदांचा तो खेळ. फोटोची प्लेट आधी उघडली तर उन्हानं काळी पडते, नंतर उघडली तर हाती काही लागत नाही. त्यापुढे जेमतेम दोन मिनिटं खग्रास स्थिती, त्यात प्रभामंडलाचे, म्हणजे कोरोनाचे, फोटो. सहा हजार मैलांचा प्रवास या दोन मिनिटांसाठी!

त्या वर्षीच्या वेधांनी मोठं काम केलं. प्रभामंडलाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसते. तिची जागा तीसेक वर्षं ५३१७ अँगस्ट्रॉम धरली जात होती. १८९८ च्या ग्रहणानं ती ५३०३ ला आहे हे दाखवलं. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून एका काल्पनिक मूलद्रव्याला ‘कोरोनियम’ असं नाव मिळालेलं होतं. उलगडा व्हायला १९४० च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. ते साधं लोखंड होतं, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं. म्हणजे प्रभामंडलाचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात.

मला मात्र ओढ आहे नदीपल्याडच्या तळणीची. तेव्हा नदीच्या अलीकडे मध्य प्रांत आणि पलीकडे निजामाकडून इंग्रजांनी चालवायला घेतलेला वऱ्हाड. तळणीला ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी मंडळींच्या संस्थेचा तळ होता. त्यात एक बाई होत्या, अ‍ॅनी माँडर. मूळच्या आयर्लंडच्या, माहेरचं नाव रसेल. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकल्या, १८९१ मध्ये ग्रीनिच वेधशाळेत महिना चार पौंडांवर ‘संगणक’ म्हणून लागल्या. आकडेमोड करणाऱ्या माणसालाच तेव्हा संगणक म्हणत. १८९५ मध्ये तिथल्याच वॉल्टर माँडर यांच्याशी लग्न केलं आणि विवाहित स्त्रीला सरकारी नोकरी नाही, या नियमानं त्यांची नोकरी गेली. नवऱ्याची राहिली.

त्या बाईंनी कॉलेजकडून मिळालेल्या अनुदानातून स्वतःच्या आखणीचा कॅमेरा तयार केला. त्याचं भिंग फक्त दीड इंचाचं. मोठ्या वेधशाळांचे लोक लांबलचक दुर्बिणींनी सूर्याचं बिंब मोठं करून बघत होते. बाईंचा विचार उलटा होता. प्रभामंडलाच्या कडा फार पुसट असतात, तेव्हा प्रतिमा लहान असली तरी चालेल पण उजळ हवी आणि आकाशाचा मोठा तुकडा तिच्यात मावायला हवा. तळणीच्या मैदानात त्या दोन मिनिटांत त्यांच्या प्लेटवर सूर्यापासून निघालेला सुमारे साठ लाख मैलांचा किरण उमटला. तोवर एवढा लांब किरण कुणाच्याच फोटोत आला नव्हता. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं त्यांना सदस्यत्व दिलं ते १९१६ मध्ये, अठरा वर्षांनी.

त्याच तळावर जॉन एव्हरशेड होते. तळणीतल्या त्यांच्या प्लेटांवर हायड्रोजनच्या रेषांची माळ जिथे संपते, त्याच्या पुढच्या अतिनील भागातला सलग उजेड सापडला. हेच एव्हरशेड पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेत आले आणि १९०९ मध्ये सौर डागांतल्या वायूच्या प्रवाहाचा शोध लावून नाव करून गेले.

आता थोडं भांडण. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि लॉकियरनं १८६८ मध्ये इथेच हेलियम शोधला असं सांगतात. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. सोहळ्याबद्दल मला आदर आहे, गावानं आकाशाची आठवण ठेवली याचा आनंदही आहे. पण १८६८ मध्ये लॉकियर हिंदुस्थानात नव्हते. त्या वर्षीच्या १८ ऑगस्टच्या ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि लॉकियरनी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये, ग्रहणाशिवायच, सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. ते विजयदुर्गाला आले १८९८ मध्ये, ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना मदतीला घेऊन. ते ओटे असतील तर १८९८ च्या तळाचे असतील, असं माझं स्पष्ट मत आहे. न घडलेल्या प्रसंगाचा आपण दिवस पाळतो आणि त्याच सावलीखाली पुलगावला खरोखर घडलेलं विसरतो, याची मला खंत वाटते.

दुसरी खंत जेऊरची. कावसजी दादाभाई नाएगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये त्यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिथली २० इंची आरशाची दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी होती. त्यांच्या जेऊरच्या अहवालाच्या शीर्षकावर तारीख आहे ‘२१-२२ जानेवारी’. ही चूक नाही. तेव्हा ज्योतिषांचा दिवस मध्यान्हीला बदलायचा, म्हणून ग्रीनिचच्या हिशेबानं तारीख अजून २१ च होती. ही वेधशाळा एका माणसाच्या जिवावर चालली. १९१२ मध्ये नाएगमवाला निवृत्त झाले, ती बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यात लोकांना आकाश दाखवणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था उभी राहिली १९४४ मध्ये. मधली बत्तीस वर्षं कुणाला दाखवायची? दुर्बीण पैशानं येते. ती लोकांच्या डोळ्याला लावणारा माणूस निघून गेला की तिचं लोखंड होतं.

असा माणूस मी वर्ध्याजवळ पाहिला. जानेवारीतली रात्र, शाळेचं मैदान, आकाशदर्शनाचा कार्यक्रम. एक शिक्षक दुर्बिणीपाशी उभे, दर दोन मिनिटांनी सरकलेली तारकापुंजाची जागा पुन्हा नेमकी आणून देत होते. मुलं रांगेत ढकलाढकली करत होती. स्वेटरवर लुगड्याचा पदर घेतलेली एक आजी नातवाबरोबर आलेली. सरांनी मृगातल्या ओळीनं उभ्या तीन ताऱ्यांकडे हिरव्या किरणाचा टॉर्च रोखला, तशी ती म्हणाली, “हे तं तिकांडं हाय. हे पाहूनच आमी रातच्याला उठत होतो.” मग सप्तर्षी कधी उगवतात ते तिनंच सांगितलं, तिच्या लेखी ते बाजलं, आणि मागचे तीन चोर. सरांनी टॉर्च तिच्या हातात दिला. पुढची दहा मिनिटं मैदानावरच्या दोनशे जणांना आकाश तिनं दाखवलं. त्या रात्री दुर्बिणीतून पाहिलेलं बरंचसं मी विसरलो, ती दहा मिनिटं नाही.

तिच्यासारखीच कुणी आजी २२ जानेवारी १८९८ ला पुलगावात होती. भर दुपारी तिकडे अंधार पडला, पाखरं झाडांवर परतली, साहेब लोक नळकांड्यांमागे आकडे मोजत उभे राहिले. साहेबांनी प्लेटा पेटीत भरल्या आणि त्यांचं छापून आलं. तिनं काय पाहिलं, ते छापलेल्या कागदांत कुठेही नाही.

येत्या २ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी, दुपार कलताना आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळा आहे, ढग असतील, तरी शाळांनी मुलांना ग्रहणाच्या चष्म्यांसह मैदानावर आणावं. आणि वर्धा, आर्वी, देवळी, धामणगाव या भागातल्या वाचकांना एक विनंती. शके १८१९ चं पंचांग, पणजोबांची रोजकीर्द, गिरणीतलं किंवा रेल्वेतलं जुनं बाड घरात असेल, तर रद्दीत घालण्याआधी पौष अमावास्येचं पान उघडून बघा. समासात दोन शब्द लिहिलेले सापडले, तरी या अंकाच्या पत्त्यावर कळवा.