सारखा चेहरा, निराळे ठसे

इंदुरातील मराठी घरांत जुळी जन्मली, की ती एकबीज की द्विबीज हा प्रश्न लगेच निघतो. त्याचे उत्तर प्रसूतीच्या वेळी वार (गर्भाचे पोषण करणारा अवयव) मोजून मिळते, हा समज मात्र अपुरा आहे. एकच फलित बीजांड दुभंगले तर एकबीज, आणि दोन बीजांडे दोन शुक्राणूंनी फलित झाली तर द्विबीज जुळी होतात. परंतु पहिल्या साधारण तीन दिवसांत विभाजन झाल्यास एकबीज जुळ्यांनाही प्रत्येकी स्वतंत्र वार लाभते, म्हणून अशा समलिंगी जुळ्यांबाबत खात्रीचा निवाडा डीएनए चाचणीच देते. द्विबीज जुळ्यांची जनुके एरवीच्या सख्ख्या भावंडांइतकीच, सरासरी निम्मी, जुळतात.

एकबीज जुळीही तंतोतंत एक नसतात. आइसलँडमधील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले, की गर्भवाढीच्या अगदी आरंभीच्या उत्परिवर्तनांमुळे, म्हणजे डीएनएच्या क्रमातील बदलांमुळे, त्यांच्यात सरासरी ५.२ फरक असतात. बोटांवरील रेषा गर्भारपणाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत घडतात आणि त्यांवर गर्भाशयातील स्थान, दाब व वाढीचा वेग यांचा परिणाम होतो. त्यामुळेच पाच वर्षांची झालेली जुळी आधार केंद्रावर ठसे देतात, तेव्हा चेहरे सारखे असूनही ठसे वेगळे उमटतात. शाळेत त्यांना एकाच तुकडीत ठेवावे की वेगळ्या, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर अभ्यासांतून मिळालेले नाही. दोघांना स्वतंत्रपणे विचारून ठरवणे अधिक हिताचे आहे, कारण त्यांची इच्छा एकच असेल असे गृहीत धरता येत नाही.